हात जाईल एवढी खिडकी

अंबादास दासरी यांच्याइतका वाईट गोल्फ खेळणारा माणूस मी पाहिलेला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण ते गेल्यावर मैदान मंडळाने जी शोकसभा घेतली, तिच्यात अध्यक्षांनी त्यांना ‘आपल्या शहराचे कुशल गोल्फपटू’ म्हटलं आणि पुढच्या रांगेतल्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानेही शेठना खेळताना पाहिलेलं नव्हतं. मी रोज पाहत होते. त्यांनी काठी उगारली की चेंडूपेक्षा मुरूम लांब जायचा. वाया गेलेला फटकाही ते मोजायचे, आणि तोही मोठ्याने, तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू. बाकीचे लोक एखादा फसलेला फटका गिळून टाकतात. शेठ बाभळीमागे एकटे असले, कोणी बघत नसलं, तरी तिकडून आवाज यायचा, एनिमिदी. थोड्या वेळाने, तोम्मिदी. मैदानावरच्या माझ्या उपाहारगृहात भाकरी करणाऱ्या बायकांना तेलुगू आकडे असेच पाठ झाले होते. आकडा फार वर गेला की त्या चहाचं आधण ठेवायच्या, कारण आता शेठ तापून येणार हे ठरलेलं.

सोलापुरात गोल्फ म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. हसू देत. गिरणीच्या साहेबांनी स्वतःसाठी केलेलं मैदान होतं. साहेब गेले, पुढे गिरणी बंद पडली, जागा शहराकडे आली आणि ती चालवायला एक मैदान मंडळ नेमलं गेलं. जुन्या काळच्या कोणा शहाण्याने तेव्हा एकच नियम केला, की तिकीट काढेल तो खेळेल. चहाच्या दोन कपांइतकं तिकीट. काठ्या नसतील तर बंगल्यातून भाड्याने घ्यायच्या. बंगला म्हणजे मंगलोरी कौलांची बसकी इमारत, पुढे ओसरी, मागच्या दोन खोल्यांत माझं उपाहारगृह. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, चहा. यापलीकडे मी काही ठेवलं नाही आणि कोणी मागितलंही नाही.

रस्त्याकडच्या भिंतीत तिकिटाची खिडकी होती. खिडकी म्हणजे तरी काय, सागवानी चौकट, आतून सरकणारी फळी आणि हात जाईल एवढी जागा. आत गुरवकाका बसायचे. त्यांना बाहेरच्याचा चेहरा दिसायचा नाही, फक्त हात दिसायचा. शेठना या व्यवस्थेचं फार कौतुक होतं. गुरवकाका हात बघून माणूस ओळखतात, पण ओळखून काही उपयोग होत नाही, तिकीट तेच द्यावं लागतं, असं ते सगळ्यांना सांगत.

शेठ म्हणजे पूर्व भागातले यंत्रमागवाले. चार माग घरामागच्या शेडमध्ये, चादरी आणि टॉवेल. अंगाने आडवे, कपाळावर उभं नाम, इस्त्रीची पांढरी पँट आणि खांद्यावर स्वतःच्या मागावरचा टॉवेल. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि त्यांचा जोडीदार रशीदभाई रिक्षावाला, त्याच्याशी दखनी. तिन्ही भाषांत भांडायचे. रशीदभाई सरळ, लांब फटका मारायचा आणि शेठना डिवचायचा, “क्या शेठ, पूरा मुरूम घर को ले जाते क्या?” शेठ टॉवेलने कपाळ पुसत म्हणायचे, “तिकीट काढलंय. मुरूम नेला तरी चालतंय.”

त्या मैदानाची एक रीत होती. गवत नव्हतंच, सोलापूरच्या पाण्यावर कुठून असणार. ज्या जागी चेंडू हळूच ढकलून गलीत, म्हणजे जमिनीतल्या भोकात, घालायचा असतो, तिथे बाहेरगावी हिरवळ असते. आमच्याकडे वाळूचं रिंगण होतं. गॅरेजमधलं जळकं तेल आणून वाळूत कालवलेलं. त्यामुळे वाऱ्याने वाळू उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. चालून चालून वाळूत पाय उमटतात, म्हणून आपला डाव झाला की प्रत्येकाने रिंगण मागच्यासाठी साफ करून जायचं. त्यासाठी प्रत्येक रिंगणाशी एक जुनी सोलापुरी चादर ठेवलेली असे, एका कडेला बांबू शिवलेली. ती गलीपासून सुरू करून गोल गोल बाहेर ओढत न्यायची. चादर फाटली की शेठ मागावरची डागी चादर आणून टाकत. बँकेतला साहेब असो की कॉलेजची मुलगी, चादर ओढल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोणी तसाच निघाला तर शेठ त्याला अर्ध्या मैदानातून हाक मारून परत बोलवत. त्यांच्या पत्नी पद्माबाई एकदा माझ्याकडे चटणी न्यायला आल्या असताना म्हणाल्या, “घरात पांघरलेल्या चादरीची घडी घालत न्हाईत ओ. हितं येऊन वाळूला पांघरूण घालतात.” शेठनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

शेठचं वय झालं, तेव्हा मंडळाने ज्येष्ठांना मोफत पास काढला. शेठनी तो घेतला नाही. रोज रांगेत उभे. मी म्हटलं, शेठ, गुडघे दुखतात म्हणता, मग पास घ्यायला काय होतंय. त्यावर त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. एकदा बक्षीस समारंभाला साहेबाने त्यांना मैदानावर पाहुणा म्हणून बोलावलं, खुर्ची दिली, सरबत दिलं. वडील हरखून गेले. दुसऱ्या दिवशी मुलाला मैदान दाखवायला घेऊन आले, तर कालच्याच रखवालदाराने दोघांना दगड घेऊन पळवलं.

“पाव्हणा एका दिवसाचा असतो, ताई,” शेठ म्हणाले. “फुकट आलेल्याला उठ म्हणता येतंय. तिकीटवाल्याला कोण उठवतंय?”

हे नुसतं बोलणं नव्हतं. एका रविवारी एक पुढारी मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन दोन गाड्या भरून आले. खेळाचा क्रम तिकिटाच्या नंबराने लागायचा आणि त्या सकाळी रशीदभाईचा नंबर पुढे होता. पुढाऱ्याच्या माणसाने रशीदभाईला बाजूला व्हायला सांगितलं. रशीदभाई झालाही असता, त्याला रोज रस्त्यावर रिक्षा चालवायची होती. पण शेठ मधे आले. आवाज न चढवता, म्हणजे त्यांच्या मानाने न चढवता, त्यांनी विचारलं की साहेबांचं तिकीट कुठाय. माणूस म्हणाला, हे कोण आहेत माहीत आहे का. शेठ म्हणाले, “पाव्हणे लई मोठे असतील की. तिकीट सगळ्यांचं बारकंच हाय.” ओसरीवर हशा पिकला. पुढारी लाल झाले, पण पाहुण्यांपैकी एक वयस्क बाई उतरून सरळ खिडकीपाशी गेल्या आणि आत हात घातला. मग बाकीच्यांना जावंच लागलं. रशीदभाईच्या मागून सगळे खेळले, सगळ्यांनी चादरी ओढल्या आणि जाताना माझ्याकडची चटणी बांधून नेली.

हे असं चाललेलं होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. कौलं गळत होती, संडासाचं दार लागत नव्हतं, ओसरीची फरशी उखडली होती. या तिन्ही गोष्टी मी मंडळाला तोंडी आणि लेखी वारंवार सांगितल्या. गवंडी, सुतार आणि कौलं शाकारणारा, एवढ्यांत भागणारं काम. ते झालं नाही. झालं ते नूतनीकरण.

नूतनीकरण हा शब्द आता कानावर आला की माझ्या कपाळावर आठी येते. एखादी गोष्ट दुरुस्त करायची म्हटलं तर आधी ती काय आहे हे विचारावं लागतं. नूतनीकरणवाल्यांना ते विचारावं लागत नाही. नवे अध्यक्ष आले, त्यांनी पुण्याचे सल्लागार आणले, आणि एका दुपारी ओसरीवर नकाशा लावून आम्हा सगळ्यांना बोलावलं. रंगीत चित्र होतं. काचेची इमारत, आत सोफे, बाहेर हिरवंगार मैदान, त्यावर हसणारी गोरी माणसं. पहिल्यांदा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. संडास चित्रात छान दिसत होते.

शेठ चित्राजवळ गेले आणि इमारतीवरून बोट फिरवत राहिले. सगळ्यांना वाटलं कौतुक करतायत. मग त्यांनी विचारलं, “खिडकी कुटं हाय?”

सल्लागार तरुण होता, नम्र होता. म्हणाला, “काका, अख्खा दर्शनी भाग काचेचाच आहे. खिडक्याच खिडक्या.”

“त्या बघायच्या. मला हात घालायची पायजे.”

लोक हसले. सल्लागाराने समजावलं की प्रवेश कार्डावर राहील, सदस्यांना कार्ड मिळेल, ते दाराला लावलं की दार उघडेल. शेठनी विचारलं, ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने काय करायचं. त्याने सदस्याचा पाहुणा म्हणून यायचं, असं उत्तर आलं.

“म्हंजे माज्या गावच्या मैदानावर मी कुणाचा तरी पाव्हणा,” शेठ म्हणाले.

आता कोणी हसलं नाही. अध्यक्ष उठले, शेठच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं की दासरीशेठसारख्या ज्येष्ठांना मंडळ तहहयात मानद सदस्यत्व देईल. टाळ्या पडल्या. शेठ म्हणाले, “नको. खिडकी द्या.” बस, एवढंच. पुढची दीड-दोन वर्षं हा माणूस एवढंच मागत राहिला. हिरवळ करा, काचा लावा, सोफे आणा, कशालाच त्याचा विरोध नव्हता. त्याला भिंतीत हात जाईल एवढं भोक हवं होतं, आणि त्यामागे तिकीट देणारा माणूस. म्हणजे उद्या रशीदभाईच्या पोराला वाटलं, की पैसे टाकून आत यावं, तर त्याला कोणाची ओळख काढायला लागू नये.

काम सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी वाळूची रिंगणं गेली. का गेली ते ऐका. पाहणीला आलेल्या मंडळींनी मैदानाच्या नकाशावर ती ‘तेलगळतीचे डाग’ म्हणून लिहिली होती. कोणीतरी जुनी वाहनं उभी करून जमीन नासवली, असा त्यांचा समज. बिनगवताचं गोल्फ असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. पण आम्ही वीस पावलांवर चहा पीत बसलो होतो. एकाने येऊन विचारलं असतं तर? जेसीबीने पिढ्यान्‌पिढ्यांची तेल पिऊन मुरलेली वाळू खरवडली, ट्रॅक्टरमध्ये भरली, वर चादरी टाकल्या आणि नेली. शेठ ट्रॅक्टरमागे काही अंतर चालत गेले. मग थांबले. परत येऊन मला म्हणाले, वाळू जाऊ दे, वाळू परत येती.

मग हिरवळ आली. गुंडाळ्याच्या गुंडाळ्या, ट्रकमधून. मैदानासमोरच्या चाळीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्या चाळीच्या डोळ्यांदेखत रोज टँकर यायचा आणि गवतावर पाणी मारून जायचा. पूर्वी त्या बायका बंगल्यामागच्या हौदावरून घागर नेत, कोणी अडवत नसे. आता कुंपण झालं होतं. त्या कुंपणाला धरून उभ्या राहत आणि गवताला पाणी पिताना बघत. मी अध्यक्षांना हे सांगायला गेले तर ते म्हणाले, प्रक्रिया केलेलं पाणी वापरण्याचं विचाराधीन आहे. विचाराधीन असतानाच उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा. गवत आधी पिवळं, मग पांढरं झालं आणि मग उडून गेलं. त्यावर उपाय म्हणून रिंगणांच्या जागी हिरवं प्लॅस्टिक अंथरलं. दुपारी त्यावर पाय ठेवला तर बुटाचा तळ चिकटतो. हा खर्च कोणी मंजूर केला, हे विचारल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझं उपाहारगृह ‘तात्पुरतं’ हलवलं गेलं ते कायमचंच. पण माझं सोडा, मी घरून भाकरी विकते, माझं चाललंय.

या सगळ्या काळात मैदान बंद. शेठचा हात शिवशिवायचा. त्यांनी मागांच्या शेडमध्ये एक डागी चादर वाशाला टांगली आणि तिच्यात चेंडू मारायला सुरुवात केली. चादरीत चेंडू गेला तर ठीक. शेठचा चेंडू चादरीत क्वचित जायचा. एक ट्यूबलाइट गेली, मग दुसरी गेली, मग माग चालवणाऱ्या कारागिराने डोक्यावर हेल्मेट घालून कामाला यायला सुरुवात केली. पद्माबाईंनी चेंडू लपवले. मी भाकरी द्यायला गेले होते, तेव्हा शेठ पोत्यांमागे चेंडू शोधत होते आणि पद्माबाई पंख्याखाली बसून मला म्हणत होत्या, “शोधू द्या. तेवढंच चालणं होतंय.” शेठनी एवढंच विचारलं की ताई, मंडळाची बैठक कधी आहे. प्रत्येक बैठकीला ते जायचे. मागे भिंतीशी उभे राहायचे, विषय संपले की हात वर करून म्हणायचे, खिडकीचं काय झालं. सुरुवातीला लोक वैतागले, नंतर हसू लागले. शेवटी तर अध्यक्षच बैठकीच्या अखेरीला म्हणायचे, “चला, आता दासरीशेठची खिडकी.” आणि एका बैठकीत, सगळ्यांदेखत, त्यांनी सांगितलं, “शेठ, खिडकी राहणार. माझा शब्द.”

शेठनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. भांडकुदळ माणसं अशीच असतात, शब्द दिला की लगेच निवळतात. त्या दिवशी ते थेट माझ्या घरी आले, दारातूनच ओरडून बातमी सांगितली, चहाही न घेता पुढे रशीदभाईकडे गेले. आठवडाभर ते भेटेल त्याला सांगत होते की तिकीट राहतंय, पोरांना सांगून ठेवा.

उद्घाटनाला आम्हा जुन्या लोकांना निमंत्रणं होती. शेठचं नाव पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर चिकटवलेलं होतं. ते नवी पँट घालून आले. आधी रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेले. भिंत कोरी होती, गुळगुळीत, राखाडी. त्यांना वाटलं, जागा बदलली असेल. इमारतीला पूर्ण वळसा घालून आले. मग काचेच्या दारातून आत गेले आणि आम्ही त्यांच्यामागे.

खिडकी आत होती. आतल्या दालनाच्या भिंतीवर. तीच सागवानी चौकट, तीच फळी, पॉलिश करून चकचकीत केलेली. वर खास तिच्यासाठी दिवा, खाली पितळी पाटी, ‘आमचा वारसा’. शेठ हळूहळू जवळ गेले. तिकिटाचे पैसे त्यांनी घरून निघतानाच मुठीत धरले होते. त्यांनी चौकटीत हात घातला. बोटांची हाडं मागच्या प्लास्टरवर आपटली, तो आवाज मला ऐकू आला.

अध्यक्ष हसत आले. “बघा शेठ, तुमची खिडकी. शब्द दिला होता की नाही?”

शेठनी हात काढला नाही. म्हणाले, “ह्याच्यामागं माणूस कुठाय?”

अध्यक्षांना हा विनोद वाटला. ते मोकळेपणाने हसले, आजूबाजूचेही हसले आणि फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. शेठ खिडकीत हात घालून उभे, शेजारी अध्यक्ष. तो फोटो आज मंडळाच्या माहितीपत्रकावर आहे. ‘परंपरा जपत आधुनिकतेकडे.’ सदस्यत्वाचे दर मागच्या पानावर. ज्याला दारात उभं केलं नाही, त्याचं चित्र दारावर लावायचं, हे त्यांना शोभतं का, असं मी शोकसभेतच उठून विचारलं. मला सांगण्यात आलं की ही जागा त्या विषयाची नाही. मग कोणती जागा त्या विषयाची, ते अजून मला कोणी कळवलेलं नाही.

शेठ त्या दिवशी भाषणांना थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रस्त्याकडच्या त्या राखाडी भिंतीपाशी येऊन उभे राहिले. जुनी खिडकी जिथे होती तिथेच, भिंतीकडे तोंड करून, जसे रोज रांगेत उभे राहायचे तसे. खांद्याला काठ्यांची पिशवी. रखवालदाराने विचारलं, इथे काय आहे. शेठ म्हणाले, रांग. कशाची? तिकिटाची. इथे तिकीट मिळत नाही, रखवालदार म्हणाला. मिळेल की, थांबतो, शेठ म्हणाले.

पहिल्या काही दिवसांत रशीदभाई त्यांच्या मागे उभा राहिला, दोघे-चौघे जुने खेळाडूही आले. समोरच्या चाळीतल्या बायका पाणी भरायच्या वेळी बघून जात, एकीने विचारलं, रेशनचं काही आहे का, आणि नाही कळल्यावरही थोडा वेळ उभी राहिली. आतून काचेतून लोक बघायचे. काचेतून बाहेरचं दिसतंच, तेवढा तिचा उपयोग. मग एकेकाला पोटापाण्याच्या कामाला जावं लागलं. रशीदभाईला सकाळची शाळेची मुलं सोडायची असत. मंडळाचा माणूस मानद सदस्यत्वाचं कार्ड घेऊन दोनदा आला, दोन्ही वेळा परत गेला. पद्माबाई घरी भांडल्या, मग भांडायच्या थांबल्या आणि शेठबरोबर पाण्याची बाटली देऊ लागल्या. कोणी म्हणे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझ्या ओळखीतला तो सर्वांत शहाणा माणूस होता. भिंतीला भोक पाडायला गवंड्याला किती वेळ लागतो? एवढ्या वेळाचं काम टाळण्यासाठी एवढी मोठी मंडळी एवढे दिवस आतून भिंत धरून बसली होती.

मे महिन्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते शेठ उठले नाहीत. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. भाकरीच्या ऑर्डरी पोचवून स्कूटरवर परत येत होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. शेठ भिंतीपाशी एकटेच होते, डोक्यावर टॉवेल टाकून. रखवालदार हा मुळात भला माणूस, त्याने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून सावलीत ठेवली होती. ती रिकामी होती. शेठ म्हणाले, मंडळाची खुर्ची घेतली की मी त्यांचा पाव्हणा झालो.

मी स्कूटर बंद केली नाही. म्हटलं, शेठ, पुष्कळ झालं, मागे बसा, घरी सोडते, पद्माबाई जेवायच्या थांबल्या असतील. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“आता कसं येऊ, ताई,” ते म्हणाले. “पयला नंबर माजाच हाय की.”